मिलेनाबाई खरंच निघाल्या

मला झेक भाषा वाचता येते, लिहिता येते. बोलता येत नाही. म्हणजे येत नव्हती. आता येते की नाही ते मलाच नक्की सांगता येत नाही, कारण त्या रविवारी जे झालं ते बोलणं होतं की भांडण, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "पण झेकच का?" जणू मी जर्मन शिकले असते तर यांनी आमच्या पवननगरच्या चौकात माझा सत्कार ठेवला असता. कारण साधं आहे. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडचे साचे झेक देशातल्या एका कंपनीकडून येतात आणि सोबतच्या कागदांवर बारीक अक्षरात टिपा असतात, त्या झेकमध्ये. कोणालाच कळायच्या नाहीत. सगळे अंदाजाने काम रेटायचे, आणि मला अंदाजाचा राग आहे. म्हणून मी मोबाइलवर शिकायला लागले. तीन वर्षांत टिपा कळायला लागल्या, मग मेल कळायला लागले, मग मी उत्तरंही लिहू लागले. तिकडची माणसं माझ्या मेलचं कौतुक करायची.

पण दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल लागायचा आणि आमचे कुंदन सर म्हणायचे, "हर्षाली, बोल ना, तुला तर येतं." की झालं. मी हसून मान डोलवायची आणि खाली चॅटमध्ये टाइप करायची. समोरासमोर बसलेली बाई आपल्याला लिहून उत्तर देते हे बघून एकदा तिकडच्या एकाने विचारलं, माइक बिघडलाय का? मी लिहिलं, "अनो." अनो म्हणजे हो. माइक चांगला होता.

तेव्हा कुंदन सरांनीच इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे एकमेकांची भाषा शिकायला माणसं जोड्या जमवतात. तिथे मला मिलेनाबाई मिळाल्या. वय बहात्तर, ओलोमोउत्स नावाच्या शहरात राहणाऱ्या, दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, घरात एकट्या. त्यांना इंग्रजी बोलायचं होतं, मला झेक. दर रविवारी आमचे साडेचार, त्यांचे दुपारचे बारा. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास झेक, असं ठरलं.

इंग्रजीच्या अर्ध्या तासात मिलेनाबाई बेधडक बोलायच्या. दहापैकी आठ वाक्यं चुकीची असायची आणि त्यांना त्याचं काहीही वाटायचं नाही. झेकचा अर्धा तास सुरू झाला की मी गप्प. त्या विचारायच्या, मी हसायची, आणि काही कळो न कळो, म्हणायची, "अनो." आता हे खोटं बोलणं झालं का? मला तसं वाटलं नव्हतं. आमच्याकडे मोठं माणूस बोलत असताना "कळलं नाही, परत सांगा" म्हणणं बरं दिसत नाही. त्याचा अर्थ तुम्हाला नीट बोलता येत नाही असा होतो. मोठ्या माणसाच्या बोलण्याला हो म्हणायचं, आणि नंतर कोणाला तरी विचारून घ्यायचं. इथे विचारायला कोणी नव्हतं एवढंच.

खरी पंचाईत निरोपाची. कॉल संपताना नुसतं "बाय" म्हणून फोन ठेवायचा, हे मला फार कोरडं वाटायचं. आमच्या आईला घरी आलेल्या, रस्त्यात भेटलेल्या, नुसत्या दिसलेल्या माणसालाही "या एकदा घरी" म्हटल्याशिवाय निरोप देता येत नाही. गॅसवाल्याला म्हणते. बँकेतल्या मॅडमला म्हणते. एकदा राँग नंबर लागला होता, तर त्या माणसाशी पाच मिनिटं बोलून शेवटी, "निफाडकडचे का तुम्ही? मंग या की एकदा!" त्यावर समोरचा म्हणतो, "हो हो, येऊ की," आणि दोन्ही बाजू समाधानाने आपापल्या कामाला लागतात. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण आमच्या भागातली निम्मी नाती याच जेवणावर जगतात.

तर मी ते वाक्य झेकमध्ये तयार केलं. "तुम्ही एकदा आमच्याकडे नाशिकला या, आमच्या घरी राहायला, आईला खूप आनंद होईल." पुस्तकातून तपासून घेतलं, पाठ केलं, अंबड ते पवननगर स्कूटरवर हेल्मेटच्या आत शंभरदा म्हटलं. पहिल्या रविवारी ते माझ्या तोंडून असं सफाईने बाहेर पडलं की मीच चकित झाले. मिलेनाबाई हसल्या, माझ्या उच्चाराचं कौतुक केलं. मग काय, मी दर रविवारी ते म्हणायला लागले. अख्ख्या झेक भाषेतलं एवढं एकच वाक्य मला न अडखळता येत होतं, आणि नेमकं तेच मी विचार न करता म्हणत होते.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी ते ऐकून त्या हसल्या नाहीत. कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं, त्यातला "कधी" एवढा शब्द मला कळला. मला कोण आनंद! त्याच आठवड्यात मी महिन्यांची नावं पाठ केली होती. पहिलं नाव जिभेवरच होतं. मी म्हटलं, "लेदेन." लेदेन म्हणजे जानेवारी.

त्यानंतर मिलेनाबाईंचे प्रश्न वाढले आणि माझा गोंधळही. एकदा त्या जिन्याबद्दल काहीतरी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, अनो. एकदा पलंगाचं काहीतरी. अनो. एकदा थंडीचं विचारलं, ते मात्र मला पूर्ण कळलं, आणि आमच्या गावचा, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो हे अभिमानाने सांगायचं होतं, पण शब्द सुचेनात, म्हणून दोन्ही हातांनी कुडकुडून दाखवलं. पुढच्या रविवारी त्यांनी पायापर्यंत येणारा लोकरीचा कोट कॅमेऱ्यासमोर धरला. मला वाटलं, काय हुशार बाई आहे, "प्रवास" हा धडा किती छान शिकवते! त्यांनी पत्ता मागितला तोही मी झेक पद्धतीने चॅटवर लिहून दिला. नाताळचं कार्ड पाठवत असतील. मला खरंच तसं वाटलं. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा सगळं सुरळीत चाललंय असंच वाटत होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, मी लंच टाइमला डबा उघडत असताना त्यांचा फोटो आला. तिकिटाचा. नऊ जानेवारी, प्राग ते मुंबई. परतीचं सहा फेब्रुवारी. खाली व्हिसाचा कागद, त्यावर भारतातला मुक्काम या रकान्यात आमचा फ्लॅट, आमचा तिसरा मजला, माझं नाव. आणि खाली एक ओळ, ती मात्र मला एका दमात कळली: "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पासपोर्ट काढला."

भाजी तशीच राहिली.

घरी येऊन सांगितलं. आई मेथी निवडत होती, माझे वडील, म्हणजे नाना, पेपर वाचत होते. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि एक स्वयंपाकघर. नाना साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बारा वर्षांपूर्वी निफाडहून इथे आलो. लिफ्ट नाही. मी सगळं एका दमात सांगितलं आणि दोघं माझ्याकडे बघत राहिले.

"मंग तू तारीख कशाला दिली?" नाना म्हणाले.

"मी महिना दिला. तारीख त्यांनी काढली."

"महिना तरी कशाला द्यायचा?"

"पाठ झाला होता म्हणून!"

आईला वेगळंच कळत नव्हतं. "पन असं म्हनायचंच असतं ना. आपन म्हनलं म्हनून कोनी उठून येतं का?"

"त्यांना कसं कळणार आई, की नुसतं म्हणायचं असतं?"

"न कळायला काय झालं? समद्यांना कळतं."

"महिनाभर राहाणार हाय का?" नाना म्हणाले. "झोपवायची कुठं? आन खाती काय?"

ते मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनी मला ते सांगितलं होतं आणि मी बहुतेक अनो म्हटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या आल्या तर एक बहात्तर वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्याने तीन मजले चढून आमच्या हॉलमध्ये महिनाभर झोपणार. नको म्हणावं, तर जिने माझ्या शब्दावर पंचवीस वर्षांनी पासपोर्ट काढला तिला सांगायचं, बाई, ते आपलं असंच होतं.

लिहिणं माझ्या हातचं होतं, म्हणून पाच दिवस मेल लिहिला. पाच वेळा. व्याकरण असं की बोट दाखवायला जागा नाही. आणि प्रत्येक वेळी तो बँकेच्या पत्रासारखा वाटायचा. "आपणांस कळविण्यास खेद होतो की." असं पत्र मी त्या बाईला पाठवू? नाही पाठवलं. हे तोंडानेच सांगावं लागणार होतं, आणि तोंडच तर नव्हतं.

रविवार आला. मी कागदावर अकरा वाक्यं लिहून लॅपटॉपला टेकवून ठेवली. आई मेथीची जुडी घेऊन जरा लांब, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसली. नाना पेपर घेऊन. त्या दिवशी त्यांनी पेपरचं पान उलटल्याचं मला आठवत नाही.

मिलेनाबाई पडद्यावर आल्या त्या आनंदातच. नवीन सपाता दाखवल्या. आपण इंग्रजी नंतर बोलू, म्हणाल्या. मी पहिलं वाक्य वाचलं. ते फार सुंदर वाक्य होतं. त्यांनी कान पुढे करून विचारलं, "काय?" मी परत वाचलं. त्यांना कळलंच नाही, कारण तसं कोणी बोलत नाही. मी कागद खाली ठेवला. मग जे तोंडाला येईल ते बोलले. आपल्या भाषेत ते साधारण असं होतं:

"मिलेनाबाई. आमच्याकडे लोक म्हणतो, या. सगळ्याला म्हणतो. गॅसच्या माणूसला. कोणी येत नाही. हे चांगला वागणं आहे. मी पण म्हणाले. विचार नाही केला. तुम्ही विचारलं, मला कळलं नाही. मी अनो म्हणाले. पुन्हा कळलं नाही. पुन्हा अनो. सगळं अनो मी खोटं. माफ करा."

मिलेनाबाईंच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू गेलं. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. त्या म्हणाल्या, "सगळं?"

"सगळं."

आणि मग त्या चिडल्या. आवाज चढला, बोट कॅमेऱ्यावर आलं, आणि काय आश्चर्य, रागावलेल्या मिलेनाबाईंचा शब्द न् शब्द मला कळत होता. "मी विचारलं, तुमच्याकडे कुत्रा आहे का, मला कुत्र्याची भीती वाटते. तू म्हणालीस हो! दोन आठवडे मी त्या कुत्र्याचा विचार केला! मी विचारलं, मी आल्याने तुझ्या आईला त्रास होईल का. तू म्हणालीस हो! मी विचारलं, तरीही येऊ का? तू म्हणालीस हो! मी शेजारणीला म्हटलं, बघ, किती प्रामाणिक मुलगी आहे!"

मला ओशाळं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण माझा स्वभाव वाईट आहे. मला कोणी बोट दाखवलं की माझा तोल जातो.

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "आईला त्रास होईल, हो! असं कोण हसून म्हणतं? मी हसते आहे! चौदा रविवार मी हसते आहे! तुम्ही नर्स! माणूस बघून कळत नाही, याला कळलं नाही?"

"मला वाटलं तू आनंदी आहेस!"

"मी घाबरलेली आहे! आणि तुमचं इंग्रजी चांगलं नाही! मी दर वेळी चांगलं म्हणते, ते चांगलं नाही!"

"ते मला माहीत आहे!" मिलेनाबाई ओरडल्या.

मग आम्ही दोघी एकदम थांबलो. मला धाप लागली होती. बाजूने आई हळूच म्हणाली, "कोनत्या भाषेत भांडती गं?" नानांनी तिला गप्प बस म्हणून हात केला. ते टक लावून माझ्याकडे बघत होते.

मिलेनाबाईंनी चष्मा सारखा केला. आता त्या सावकाश बोलल्या, लहान मुलाशी बोलावं तसं नाही, पण पुढची पायरी बघून पाय टाकावा तसं. "तर मग सांग. अनो नको. तुला काय वाटतं ते. तुमच्या घरी येऊ की नको?"

दारात आलेल्याला आमच्याकडे कोणी नको म्हणत नाही. मी कोणालाच कधी म्हटलं नव्हतं. नको असलेल्या कामाला, नको असलेल्या स्थळांनासुद्धा "बघू", "कळवते", असंच. मी हॉलकडे पाहिलं, जिन्याचा विचार केला, आणि म्हटलं, "ने." ने म्हणजे नाही. "तीन माणसं. दोन खोल्या. तिसरा मजला. तुमचा गुडघा. ने."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण राग गेला होता. "बरं," त्या म्हणाल्या. "आता मला कळतंय मी कोणाशी बोलते आहे. तिकीट आहे, मी येईन. हॉटेलात राहीन."

हॉटेल हा शब्द झेकमध्येही हॉटेलच आहे.

"हाटेल म्हनली का ती?" आई उठून थेट कॅमेऱ्यासमोर आली. मेथीच्या काड्या मांडीवरून खाली पडल्या. "हाटेलात? आपलं घर असतानी? सांग तिला, काय नाय हाटेल-बिटेल."

"आई, मी आत्ता नाही म्हणाले. एवढं भांडून नाही म्हणाले! तूच म्हणालीस ना, नुसतं म्हणायचं असतं?"

"ते आपल्या लोकांचं."

"म्हणजे?"

आई खाली पडलेल्या काड्या गोळा करू लागली. मला अजून मघाचा राग होता आणि काही समजतही नव्हतं, म्हणून मी मिलेनाबाईंनी मला विचारलं तसंच तिला विचारलं. "एकच सांग. हो की नाही. मनापासून. ‘बघू’ नको, ‘करू’ नको, मधलं काही नको."

आईने पदराला हात पुसले. पुसलेले परत पुसले. तिला असं कोणी कधी विचारलं नसावं.

"बारा वर्सं झाली या घराला," ती म्हणाली. "निफाडची मानसं दवाखान्याला येत्यात, मार्केटला येत्यात. खालून फोन करत्यात. घाई हाय, म्हनं, पुढच्या टायमाला नक्की. मी म्हनते या, ते म्हनत्यात येऊ. वर कोन चढलंय? तुझी मावशीबी नाय चढली. मंग मीच ठरवलं, नुसतंच म्हनायचं असतं."

नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

मला आईचा राग यायला हवा होता, इतका घोळ घालून आता हे सांगते म्हणून. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गॅसवाला, बँकेतली मॅडम, राँग नंबरवाला माणूस. ती प्रत्येकाला खरंच बोलावत होती, आणि हे आम्हा दोघांना कधी कळलं नाही. तिला तरी कळलं होतं का, देव जाणे.

"काय म्हणते आई?" मिलेनाबाई पडद्यातून विचारत होत्या. त्या सगळा वेळ आईकडेच बघत होत्या.

हे कुठल्याही कागदावर नव्हतं. चढणं या शब्दाला झेकमध्ये काय म्हणतात तेही सुचेना. मी दोन बोटं हवेत जिन्यासारखी वर चढवली आणि म्हटलं, "आई बारा वर्षं बोलावते. लोक खाली उभे. फोन करतात. जातात. वर कोणी नाही." मग मी त्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही पहिल्या. आई म्हणते, हॉटेल नाही. आई खरं म्हणते. मला आत्ता कळलं."

मिलेनाबाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग त्या बोलायला लागल्या, भरभर, आईकडे बघून, एक लांबलचक वाक्य. त्यात आई होती, जिना होता, गुडघा होता, आणि शेवटी एक प्रश्न होता. बाकीचं सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. त्या उत्तराची वाट बघत थांबल्या. माझी मान हो म्हणायला खाली निघालीसुद्धा होती.

"मला कळलं नाही," मी म्हटलं. "परत सांगा. हळू."

"काय म्हनती?" आईने माझा दंड धरला. "येती ना ती? काय म्हनती?"

"थांब गं," मी म्हटलं, "विचारतेय ना."